खिडकी की फ्लॅश? घरातल्या व्यक्तिचित्राच्या स्पष्टतेवर एक संवाद

घरात काढलेले व्यक्तिचित्र अस्पष्ट येते त्यामागे बहुतेक वेळा एकच मूळ कारण असते. उजेड कमी असतो आणि डोळ्याला तो कमी वाटत नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, ढगाळ दिवशी उघड्यावर १०,०००च्या आसपास, दिवसा खिडकीलगत १,०००च्या आगेमागे, तर रात्री दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत १०० किंवा त्याहूनही कमी. हा हजारपट फरक डोळा आपसूक सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला मात्र तीनच वाटा मोकळ्या असतात: शटर जास्त वेळ उघडे ठेवणे, ॲपर्चर जास्त उघडणे किंवा आयएसओ वाढवणे. पहिल्या वाटेने फोटो हलतो, दुसरीने फोकसचा पट्टा अरुंद होतो, तिसरीने चित्र रवाळ होते. चौथी वाट कॅमेऱ्याबाहेरची आहे. ती म्हणजे उजेडच वाढवणे.

नवशिक्याने यांतली कोणती वाट धरावी, याबद्दल छायाचित्रकारांत दोन जुनी मते आहेत. एक मत म्हणते, असेल त्या उजेडात काम भागवावे. दुसरे म्हणते, उजेड सोबत न्यावा. पुढील संवादात पहिले मत ‘खिडकीवाला’ मांडतो आणि दुसरे ‘फ्लॅशवाला’.

फोटो कशाने बिघडला?

‘फोटो शार्प येत नाही’ ही तक्रार एक असली तरी तिच्यामागचे दोष निरनिराळे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून निदान आधी येते.

खिडकीवाला: फोटो संगणकाच्या पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहिल्याशिवाय उपाय शोधायला जाऊच नये. चेहरा, भिंत, खुर्ची असं सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचता येतात आणि चेहरा मात्र पुसट, तर माणूस हलला. शर्टाची कॉलर किंवा कान रेखीव आणि डोळे मऊ, तर फोकस चुकला.

फ्लॅशवाला: त्यात आणखी दोन घाला. सगळं जागच्या जागी आहे, पण भुवया आणि केस गुळगुळीत झालेत, तर वाढलेल्या आयएसओमुळे आलेला रवा पुसताना कॅमेऱ्यानं बारकावेही पुसून टाकले. आणि सगळ्या फोटोवर दुधी पडदा असेल, तर लेन्सवर बोटांचे ठसे आहेत, नाहीतर कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरली आहे. तिथं शटर आणि ॲपर्चरची चर्चा व्यर्थ. लेन्स मऊ फडक्यानं पुसावी, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी, आणि बुरशी आत गेली असेल तर दुरुस्तीला द्यावी.

खिडकीवाला: मान्य. पण नव्या माणसाचे बहुतेक फोटो पहिल्या तिघांतच अडकतात.

शटरचा वेग

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी एक जुना ठोकताळा आहे. लेन्सचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर, निदान तितक्या भागाचा वेग असावा. नवशिक्यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असतो, त्यामुळे त्या आकड्याला दीडने गुणावे लागते. ५५ मिमीच्या लेन्सला १/८० सेकंद येतो तो असा. हा हिशेब फक्त हाताच्या थरथरीचा आहे. समोरच्या माणसाच्या हालचालीचा त्यात विचार नाही.

खिडकीवाला: म्हणून शांत बसलेल्या मोठ्या माणसाला १/१२५, बोलत-हसत असलेल्याला १/२०० आणि लहान मुलाला निदान १/२५० हे आकडे मी धरून चालतो. शटरचा वेग स्वतः ठरवावा. रात्रीच्या खोलीत तो कॅमेऱ्यावर सोडला तर तो निमूटपणे १/१५ला उतरतो.

फ्लॅशवाला: आकडे बरोबर आहेत, पण ते मिळणार कुठून? रात्रीच्या ८० लक्सच्या खोलीचा हिशेब करा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचं ॲपर्चर एफ/५.६च्या पुढं उघडत नाही. आयएसओ १६०० ठेवला तर शटर येतं १/१५. तुमच्या १/१२५साठी आयएसओ १२,८०० लागेल.

खिडकीवाला: किट लेन्सऐवजी ५० मिमी एफ/१.८ची लेन्स लावा. ती सगळ्यांत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. एफ/५.६ ते एफ/१.८ हा सव्वातीन स्टॉपांहून अधिक फरक आहे, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. त्याच खोलीत, त्याच आयएसओ १६००ला शटर १/१६०वर येतं.

फ्लॅशवाला: आणि लेन्समध्ये कंपन-नियंत्रण असेल तर किट लेन्सच पुरेल, असं दुकानदार सांगतो. त्याचं काय?

खिडकीवाला: ते तुमचा हात सावरतं, समोरच्याची मान सावरत नाही. ट्रायपॉडचंही तसंच. दोन्हींनी भिंत रेखीव येते. एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंत कॅमेरा भक्कम तिवईवरच असे, तरीही बसणाऱ्याच्या डोक्यामागं लोखंडी टेकू लावावा लागे, कारण प्लेटला कित्येक सेकंदांचा उजेड लागायचा. जुन्या फोटोंतली माणसं ताठ आणि गंभीर दिसतात, त्यात त्या टेकूचा वाटा मोठा आहे.

वेग ठरल्यावरही हात स्थिर ठेवण्याच्या सवयी उपयोगी पडतात आणि त्यांवर दोघांचे दुमत नाही. कोपरे अंगाशी टेकवावीत, शक्य असल्यास पाठ भिंतीला लावावी, श्वास सोडून झाल्यावर बटण हळू दाबावे. तीन-चार फोटो सलग घेतले तर पहिल्यात बोटाचा झटका उतरतो आणि मधला सहसा अधिक रेखीव निघतो. माणूस वाक्य संपवून थांबतो, तो क्षणही शटरला सोयीचा असतो.

ट्यूबलाइटचा अडथळा

भारतात विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. शटर १/१००हून जलद असेल तर एका स्पंदाचा काही भागच फोटोत येतो. एकाच खोलीत, एकाच मांडणीवर घेतलेल्या फोटोंपैकी काही काळपट, काही पिवळट आणि काही आडव्या पट्ट्यांचे निघतात ते यामुळे.

फ्लॅशवाला: म्हणजे तुमचा १/२०० इथं बाद.

खिडकीवाला: रात्री अशा दिव्याखाली मी १/१००वर थांबतो. एक पूर्ण स्पंद मिळतो. बसणाऱ्याला क्षणभर स्थिर राहायला सांगतो.

फ्लॅशवाला: आणि मी तो दिवा हिशेबातूनच काढून टाकतो.

ॲपर्चर आणि फोकस

ॲपर्चर उघडले की उजेड वाढतो आणि त्याचबरोबर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी घटते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स एफ/१.८ला, दीड मीटरवरून धरली तर हा पट्टा सुमारे साडेसहा सेंटिमीटरचा असतो. एक मीटरवर आले तर जेमतेम तीन. चेहरा किंचित वळलेला असेल तर त्या तीन सेंटिमीटरांत दोन्ही डोळेही मावत नाहीत.

फ्लॅशवाला: हीच माझी मुख्य हरकत आहे. नवशिका स्वस्तातली फिफ्टी आणतो, एफ/१.८वर ठेवतो, जवळ जाऊन फोटो काढतो आणि एका डोळ्याच्या पापण्या रेखीव, दुसरा डोळा धूसर असं चित्र घरी नेतो. त्यातून अशा लेन्सा पूर्ण उघडल्यावर थोड्या मऊच असतात. एफ/४च्या आसपास त्या खऱ्या खुलतात. त्यापेक्षा एफ/५.६वर जा. दीड मीटरवरून वीस सेंटिमीटरचा पट्टा मिळतो, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत अख्खा चेहरा.

खिडकीवाला: एफ/५.६वर मागचा स्विचबोर्ड, लोंबणाऱ्या वायरी आणि फ्रिजवरचे डबेही रेखीव येतात. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत रिकामी भिंत सापडणं कठीण. मी एफ/२.८ घेतो आणि मागं सरकतो. दीड ते दोन मीटरवरून दहा सेंटिमीटरहून अधिक पट्टा मिळतो, तेवढा पुरतो. मागं सरकल्यानं नाकही फुगल्यासारखं दिसत नाही. १८ मिमीवर जवळ जाऊन काढलेल्या फोटोत ते हमखास दिसतं.

फ्लॅशवाला: पट्टा पुरेल, पण तो योग्य जागी बसला तर. पुष्कळ लोक मधल्या बिंदूनं डोळ्यावर फोकस घेतात, बटण अर्धं दाबून ठेवतात आणि मग चौकट जुळवायला कॅमेरा वळवतात. एक मीटरवर पंधरा अंश वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या मागं जवळपास साडेतीन सेंटिमीटर जाते. एफ/१.८ला तेवढ्यानं फोटो गेला.

खिडकीवाला: त्यावर उपाय आहे. फोकसचा बिंदूच हलवून कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवायचा. मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो सुरू करायचा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, मग फोटोत नाक, पदर किंवा पुढं आलेला हात रेखीव येतो. शांत बसलेल्या माणसाला एकदाच घेतलेला फोकस पुरतो. खेळणाऱ्या मुलाला सतत मागोवा घेणारा हवा. आणि फोकस घेतल्यावर आपणही पुढं-मागं डोलायचं नाही.

मंद उजेडात फोकस यंत्रणा गोंधळते, कारण तिला उजळ-गडद कडा लागतात. गालाच्या सपाट त्वचेवर ती अडखळते. पापणीच्या कडेवर किंवा चष्म्याच्या काडीवर ती चटकन बसते. फोकस घेताना खोलीतला दिवा लावून फोटोच्या वेळी बंद करणे, हीसुद्धा उपयोगी युक्ती आहे.

आयएसओ: रवा परवडतो, हलणे नाही

आयएसओ वाढवणे म्हणजे सेन्सरने टिपलेल्या तुटपुंज्या संकेताला वर उचलणे. त्याच्यासोबत गोंगाटही वर येतो आणि तो सावल्यांमध्ये रवाळ ठिपक्यांच्या रूपाने दिसतो.

खिडकीवाला: आयएसओची भीती हा नवशिक्याचा सर्वांत महागडा गैरसमज आहे. तो ४००वर अडून बसतो आणि १/१५ला फोटो हलवतो. रवा सॉफ्टवेअरनं बऱ्यापैकी कमी करता येतो. हललेला चेहरा नीट परत येत नाही. शिवाय सहा बाय चार इंचांच्या प्रिंटवर किंवा मोबाइलवर आयएसओ ३२००चा रवा सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

फ्लॅशवाला: मोठ्या प्रिंटवर येतो. आयएसओ ६४००ला केसांच्या बटा एकमेकींत मिसळतात, सावळ्या त्वचेवरच्या हलक्या छटा मळकट होतात. शार्पनेस म्हणजे नुसत्या कडा नव्हेत. त्वचेचा पोतही त्यातच येतो.

खिडकीवाला: तो मळकटपणा पुष्कळदा आयएसओपेक्षा कमी उजेड दिल्यामुळे येतो. आयएसओ ८००वर काळोखा फोटो काढून नंतर संगणकावर उजळवला तर सहसा ३२००वर नीट उजळ काढलेल्या फोटोहून चांगला निघत नाही. अनेकदा वाईटच निघतो. म्हणून मी ऑटो आयएसओ वापरतो. किमान वेग १/१२५ आणि कमाल आयएसओ ६४०० अशा मर्यादा घालून देतो आणि शक्य तिथं रॉ फाइल ठेवतो.

फ्लॅशवाला: मर्यादा घालून द्यायची शिस्त चांगली आहे. पण कमाल मर्यादेला सतत टेकावं लागत असेल, तर ती खोलीत उजेड आणायची सूचना समजावी.

खिडकीचा उजेड

दिवसा खिडकीजवळ १,००० लक्स मिळत असतील तर एफ/२.८, आयएसओ ४०० आणि १/२०० सेकंद असा मेळ बसतो. किट लेन्सवर एफ/५.६ आणि आयएसओ १६०० घेतला तरी तोच १/२०० मिळतो. नवी लेन्स, नवा कॅमेरा किंवा फ्लॅश विकत न घेता मिळणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

खिडकीवाला: माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर बसवा, चेहरा तिच्याकडं अर्धा वळवा. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. दुसऱ्या गालावर फारच काळोख पडला तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करा. खोलीतले पिवळे दिवे बंद करा, नाहीतर एक गाल निळसर आणि एक नारिंगी येतो. रेखीवपणाचा एक भाग उजेडाच्या दिशेतही असतो. बाजूनं आलेल्या उजेडात पापण्या, सुरकुत्या, विणीचे टाके उठून दिसतात, म्हणून तोच फोकस, तोच वेग असूनही चित्र अधिक रेखीव वाटतं.

फ्लॅशवाला: आणि माणूस दोन-तीन पावलं आत सरकला की?

खिडकीवाला: उजेड झपाट्यानं उतरतो. म्हणून खुर्ची सरकवायला लाजू नये. खिडकी माणसाच्या पाठीशी ठेवण्याची चूकही टाळावी. मीटर बाहेरच्या लखलखाटाला भुलतो आणि चेहरा काळा पडतो. तशीच चौकट हवी असेल तर एक ते दोन स्टॉप वाढवून घ्यावे.

फ्लॅशवाला: पण खिडकीला वेळापत्रक आहे. बारसं, साखरपुडा, वाढदिवस यांतले निम्मे कार्यक्रम सूर्य मावळल्यावर होतात. आषाढातल्या भरून आलेल्या दुपारी खिडकीतही १०० लक्स मिळत नाहीत. शहरातल्या चाळीत, समोरच्या इमारतीला चिकटलेल्या खोलीत तर भर उन्हाळ्यातही नाही.

फ्लॅशचा उजेड

फ्लॅशचे बळ त्याच्या क्षणिकपणात आहे. लहान इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीला सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आणि कमी ताकदीला त्याहून कितीतरी कमी वेळात संपतो. १९३०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरल्ड एजर्टन यांनी याच गुणाचा उपयोग करून पडत्या दुधाच्या थेंबाचे क्षण गोठवले. घरातल्या फोटोतही तेच घडते.

फ्लॅशवाला: एफ/५.६, आयएसओ ४००, शटर १/२०० असं मांडलं तर रात्रीच्या खोलीतला दिवा फोटोत जवळजवळ उमटतच नाही. चेहरा फक्त फ्लॅशनं रंगतो, म्हणजे खरा शटर-वेग फ्लॅशचाच, हजाराव्या भागाचा. माणूस बोलो, मूल उडी मारो, हात थरथरो, कडा रेखीवच येतात. शटर तेवढं कॅमेऱ्याच्या सिंक-वेगाच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या, बहुधा १/२०० ते १/२५०च्या, आत ठेवायचं.

खिडकीवाला: आणि चेहरा पांढराफटक, मागं काळी सावली, डोळे लाल.

फ्लॅशवाला: ते कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचं पाप आहे. तो लेन्सच्या अगदी जवळ असतो, म्हणून डोळ्यांच्या पडद्यावरून लाल उजेड सरळ परत येतो, आणि आकारानं लहान असल्यानं सावली करकरीत पडते. मी वर बसवायचा, मान वळवता येणारा फ्लॅश घेतो आणि त्याचं तोंड पांढऱ्या छताकडं करतो. अख्खं छतच दिवा होतं. वाटेत दोन-तीन स्टॉप उजेड खर्च होतो, पण फ्लॅटच्या नऊ-दहा फूट उंचीच्या छताला साधा फ्लॅशही पुरून उरतो.

खिडकीवाला: कोकणातल्या कौलारू घरात, वाड्यातल्या सागवानी तक्तपोशीखाली किंवा गुलाबी रंगवलेल्या खोलीत तुमचं छत काय करेल?

फ्लॅशवाला: कौलांखाली उजेड परतत नाही आणि लाकडाखाली तो तपकिरी होऊन येतो, हे खरं. तिथं मी बाजूची पांढरी भिंत शोधतो. तीही नसेल तर कोणाच्या तरी हातात पांढरी चादर देतो. बाजूनं परतणारा उजेड तुमच्या खिडकीसारखाच दिसतो.

खिडकीवाला: खोलीतल्या समईचा, दिव्यांचा उजेडही हवा म्हणून लोक फ्लॅशसोबत शटर १/१५ला नेतात आणि मग रेखीव चेहऱ्याभोवती एक पुसट छाया उमटते. तिचं?

फ्लॅशवाला: तो दोन उजेडांचा घोळ आहे: फ्लॅशचा चेहरा स्थिर, दिव्याचा हललेला. शटर १/६०च्या आसपास आणि आयएसओ ८०० ठेवला तर पाठीमागची खोली मंद दिसते आणि छाया सहसा जाणवत नाही. समईच हवी असेल तर मात्र तुमची वाट बरी.

माणसावर होणारा परिणाम

या वादाला तंत्रापलीकडची बाजूही आहे. छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी फ्लॅश टाळला, कारण त्याने प्रसंग मोडतो अशी त्यांची धारणा होती. याउलट, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी दिल्लीतल्या समारंभांचे वृत्तचित्रण स्पीड ग्राफिक कॅमेरा आणि फ्लॅशबल्बांनी केले. १९४६ मध्ये छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट महात्मा गांधींचे चरख्यासोबतचे छायाचित्र घेण्यासाठी पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या आठवणीनुसार त्यांना तीनच फ्लॅशबल्बांची परवानगी मिळाली आणि पहिले दोन प्रयत्न वाया गेले.

खिडकीवाला: त्या खोलीत खिडकीही होती. परवानगीची अट सांगते की लखलखाट समोरच्याला खुपतो. दोन झोतांनंतर माणूस पुढच्या झोताची वाट पाहू लागतो आणि चेहरा आवळतो. तान्ह्या बाळाच्या खोलीत तर मी फ्लॅश काढणारच नाही.

फ्लॅशवाला: छतावरून परतवलेला झोत डोळ्यांवर येत नाही. आणि ‘हलू नका, श्वास धरा’ असं दर फोटोला सांगितल्यानंही चेहरा आवळतोच. माझ्यासमोर माणूस मोकळेपणी गप्पा मारू शकतो.

नवशिक्यासाठी क्रम

दोन्ही मते ऐकल्यावर कामाचा एक क्रम हाती येतो आणि तो दोघांनाही मान्य होण्यासारखा आहे.

पहिली पायरी जागेची. दिवस असेल तर माणसाला खिडकीशी न्यावे आणि खोलीतले दिवे बंद करावेत. दुसरी वेगाची. शांत माणसाला १/१२५, मुलाला १/२५०, आणि लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली १/१००. तिसरी ॲपर्चरची. एकट्या माणसाला एफ/२.८ ते एफ/४, आणि दोघे-तिघे असतील तर एफ/५.६ घेऊन त्यांना एका रेषेत बसवावे. चौथी फोकसची. एकच बिंदू, जवळच्या डोळ्यावर. पाचवी आयएसओची. वेग आणि ॲपर्चर ठरल्यावर उरलेली तूट त्याने भरावी, ६४००पर्यंत. तरीही तूट उरली, किंवा समोर मूल पळत असले, तर सहावी पायरी फ्लॅशची, छताकडे किंवा भिंतीकडे तोंड करून.

यानंतरही मतभेद उरतो. खिडकीवाल्याला सहावी पायरी शक्यतो गाठायची नसते. फ्लॅशवाला रात्रीच्या कार्यक्रमात तिथूनच सुरुवात करतो. नवशिक्याने दोन्हींची चाचणी एकाच खोलीत, एकाच माणसावर, एकाच अंतरावरून घ्यावी, पहिला फोटो शंभर टक्के मोठा करून तपासावा आणि प्रत्येक वेळी एकच मांडणी बदलावी. वेग, ॲपर्चर आणि फोकस एकदम बदलले तर फोटो सुधारला तरी तो कशाने सुधारला हे कळत नाही, आणि पुढच्या खोलीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.